उतरताना कुणी दमत नाही

(दृश्य: अंजनगाव सुर्जीजवळचं एक गाव. ओसरीच्या आढ्याला टांगलेला कापसाचा काटा.)

दिवाळीनंतर या काट्यावर कापूस तोलला जातो. आज त्याच्या आकड्याला माझी सॅक लटकली आहे. साडेएकोणीस किलो. मामा चष्मा वर करून आकडा बघतात. "उतरव. पाच किलो कमी कर. अन् अजून पाणी भरलंच नाही तू."

आम्ही तिघं. मी, मावसभाऊ आणि शाळेत भूगोल शिकवणारे मामा. जायचंय अमेरिकेतल्या ॲरिझोनात, ग्रँड कॅन्यनला. तीन रात्री, चार दिवस, पाठीवर बिऱ्हाड. कोलोरॅडो नदीनं कोरलेली ही दरी ४४६ किलोमीटर लांब, आणि आमच्या वाटेवर जवळपास दीड किलोमीटर खोल. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंच. म्हणजे अख्खा चिखलदरा उचलून त्या दरीत ठेवला, तरी वर जागा उरेल. हे गणित मामांचं. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते ऐकावं लागतं.

उन्हाचं आम्हाला काय सांगता, असं सुरुवातीला वाटायचं. पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात वखरणी करणारी माणसं आम्ही. पण डोंगरात माणूस दमला की तिथूनच मागे फिरतो, आणि परतीला उतार असतो. दरीत सगळं उलटं. सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी उतरायचं. चढ शेवटी, पाय दुखायला लागल्यावर. वर गार असतं, आणि खाली जावं तसं तापत जातं. तिथले रेंजर सांगतात, उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा.

(दृश्य: घाटरस्ता, पहाट. टॉर्चचे तीन ठिपके.)

म्हणून सरावही उलटा. अंधारात चिखलदऱ्याहून धामणगाव गढीच्या बाजूला उतरायचं आणि तसंच परत चढायचं. तेही डांबरी रस्त्यानंच. मेळघाटच्या जंगलात विनापरवाना शिरता येत नाही, आणि अस्वल काही परवाना विचारत बसत नाही.

एप्रिलमधल्या एका सरावाला मावसभाऊ पाणी भरपूर प्यायला, खाल्लं मात्र काहीच नाही. परतीच्या चढावर पोटरीत गोळे आले, मग मळमळ, मग उलटी. पळसाखाली बसवला तेव्हा त्याच्या काळ्या शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते. घामातून मीठ जातं. वरून नुसतं पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम आणखी कमी होतं. ग्रँड कॅन्यनमध्येही माणसं अशीच आजारी पडतात, तहानेनं नव्हे तर नुसत्या पाण्यानं. आजीला हे शास्त्र नको होतं. "अबे, नुसतं पाणी काहून ढोसलं? संग काही खा लागते ना!"

त्या दिवसापासून खिशात फुटाणे, गूळ, खारे शेंगदाणे. दहा ते चार चालणं बंद.

आता पाण्याचा हिशेब. उतरायची वाट साउथ कैबाब, साधारण ११ किलोमीटर, आणि तिच्यावर पाणी कुठेच नाही. चढायची ब्राइट एंजल, १५ किलोमीटरच्या वर. मध्ये हवासुपाई गार्डन्सचा मुक्काम. तिथे नळ आहे, पण पाइपलाइन जुनी, वरचेवर फुटते. (ऐकून आम्हाला अगदी घरच्यासारखं वाटलं.) नळ बंद असला तर ओढ्याचं, नदीचं पाणी गाळून प्यायचं. नदी गढूळ असली की गाळणी चोंदते, म्हणून तिथली मंडळी आधी बादलीत तुरटी फिरवतात आणि गाळ खाली बसू देतात. हे सांगितलं तेव्हा आजीनं रांजणाशेजारच्या कोनाड्यातून खडा काढून हातावर ठेवला. झिजून सुपारीएवढा झालेला.

त्या मुक्कामाचं नावही अलीकडचं, २०२२ चं. हवासुपाई म्हणजे त्या दरीतले मूळचे आदिवासी; ते तिथे राहायचे, शेती करायचे. ग्रँड कॅन्यनच्या नॅशनल पार्कनं त्यांना घालवलं; शेवटचा माणूस १९२८ साली निघाला. मेळघाटातून खाली आणून वसवलेली कोरकू गावं अकोट तालुक्यात आहेत. मामा एवढं बोलून नकाशाकडे वळले.

रात्रीच्या मुक्कामाला परवाना लागतो. मागणी एवढी, की कित्येक महिने आधी लॉटरीत नाव टाकावं लागतं. आम्ही ऑक्टोबर मागितला. उन्हाळा टळतो आणि जुलै-ऑगस्टचा पाऊसही. १२ ऑगस्ट १९९७ ला ॲरिझोनातल्याच अँटिलोप कॅन्यनमध्ये अकरा जण पुरात गेले. पाऊस पडला होता कितीतरी मैल लांब. नाल्यात बैलं धुणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. इथे पाण्याचा थेंब नसतो, आणि वरून लोंढा येतो.

(दृश्य: पुन्हा ओसरी, काटा.)

दोन जीन्स बाहेर. मावसभावाचा स्पीकर बाहेर. माझा ट्रायपॉडही, जरा कुरकुरत. आजीची मीठ-साखरेची डबी आत, तुरटीचा खडा आत. साडेचौदा.

"आता पाणी भर," मामा म्हणतात.

चार लिटर. काटा साडेअठरावर.