मलेशियाचं कोण ऐकतं?

श्रोतेहो, नमस्कार.

आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय एम.ए.ला घेतलेल्या कुणालाही केनेथ वॉल्ट्झ हे नाव चुकत नाही. या अमेरिकी प्राध्यापकांनी १९७९ साली लिहिलं की मलेशिया आणि कोस्टा रिका यांच्यावरून आंतरराष्ट्रीय राजकारणाचा सिद्धांत रचणं हास्यास्पद होईल. सिद्धांत रचायचा तो बड्या सत्तांवरून, कारण बाकीच्यांचं नशीबही त्याच ठरवतात. बोलणं रोखठोक आहे, आणि त्यात तथ्यही आहे. पण क्वालालंपूरच्या विद्यार्थ्याने ते वाचून करायचं काय? बड्यांच्या नजरेने स्वतःच्या देशाकडे पाहायला शिकायचं आणि मार्क मिळवायचे. आपल्या पुण्यातल्या वर्गांतही फार वेगळं चालत नाही.

या विषयाचा जन्म १९१९चा मानतात. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, आणि वेल्समधल्या ॲबरिस्टविथला त्याचं पहिलं अध्यासन, म्हणजे या विषयासाठीचं खास प्राध्यापकपद, सुरू झालं. गंमत म्हणजे त्याच वर्षी अमेरिकेतल्या राज्यशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकात बिनयकुमार सरकार या बंगाली अभ्यासकाचा लेख छापून आला. विषय होता, आंतरराष्ट्रीय संबंधांचा हिंदू सिद्धांत. विजिगीषू, म्हणजे जिंकू पाहणारा राजा, त्याच्या सीमेला लागलेला अरी, म्हणजे शत्रू, अरीच्या पलीकडचा मित्र, हे कौटिल्याचं सगळं मंडल त्यात मांडलं होतं. म्हैसूरच्या शामशास्त्रींनी कौटिल्याचं अर्थशास्त्र छापून तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. अध्यासनाची कथा आज पाठ्यपुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात भेटते. सरकारांचा लेख तळटीपेत सापडला तरी नशीब.

पुढे २००७ मध्ये अमिताव आचार्य आणि बॅरी बुझान या अभ्यासकांनी सरळच विचारलं, पाश्चात्त्येतर सिद्धांत का नाही? तेव्हापासून चर्चेला जोर आला. चीनच्या विचारवंतांनी ‘थ्येनश्या’, म्हणजे आकाशाखालचं सारं एक, ही जुनी कल्पना पुढे केली. आपण कौटिल्य काढला. इथे मला जरा धास्ती वाटते. थ्येनश्याच्या मधोमध सम्राट बसलेला असतो, त्यामुळे शेजारच्या व्हिएतनामला ती कल्पना कशी वाटेल हे सांगायला नको. आणि कौटिल्याला आपण ‘भारताचा मॅकियाव्हेली’ म्हणून मिरवतो, इटलीच्या त्या राजकारणी लेखकाच्या नावाने. त्याच्याहून हजार-बाराशे वर्षांनी तरी धाकट्या माणसाच्या नावाने त्याची ओळख करून द्यायची, म्हणजे मोजपट्टी त्यांचीच राहिली. ‘आमच्याकडे हे आधीच होतं’ हे वाक्य कट्ट्यावर शोभतं. वर्गात त्याने एक पाऊलही पुढे पडत नाही.

मला विचाराल तर आपल्या जागेवरून कोणता प्रश्न दिसतो, तो शोधावा. मराठीत त्याचे दोन नमुने आहेत.

पहिला रामचंद्रपंत अमात्यांचा. १७१५च्या सुमाराचं आज्ञापत्र पुष्कळांनी शाळेत थोडंफार वाचलेलं असतं, ते गडकोटांसाठी. त्यातलं सावकारांचं, म्हणजे व्यापाऱ्यांचं, प्रकरण मात्र पुन्हा उघडून पाहा. सावकार म्हणजे राज्याची शोभा, असं म्हणून अमात्य अचानक सावध होतात. पोर्तुगीज फिरंगी, इंग्रज, डच वलंदेज, फ्रेंच फरासीस हे टोपीकरही व्यापार करतात, पण ते बाकीच्या सावकारांसारखे नाहीत. त्यांच्या पाठीशी राज्य करणारे धनी आहेत. या प्रांती राज्य साधावं हा त्यांचा डाव आहे, आणि हाती आलेली जागा ते मेले तरी सोडायचे नाहीत. मग अमात्य अगदी बारकाव्यात शिरतात. वखारीला जागा द्यावीच लागली तर खाडीच्या तोंडाशी, समुद्रकाठी द्यायची नाही. आत, गावाच्या आटोक्यात, सखल जागी द्यायची, आणि पक्की इमारत बांधू द्यायची नाही.

वॉल्ट्झ यांच्या मांडणीत राज्य हे मुख्य पात्र आणि कंपनी दुय्यम. अमात्यांसमोर उभी होती ती तराजू आणि तोफ दोन्ही हाताळणारी कंपनी. लंडनमध्ये बसून ती धोका म्हणून दिसणं अवघड होतं, कारण नफा तिथेच जमा होत होता. कोकणच्या किनाऱ्यावरून मात्र ती लख्ख दिसली. पुढे १८०२ला वसईचा तह झाला, आणि नोव्हेंबर १८१७मध्ये शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला. आजच्या बंदरांचे करार आणि परदेशी कंपन्यांच्या हातातली आपली माहिती यांचा विचार करताना तो सखल जागेचा सल्ला मला हटकून आठवतो.

अर्थात अमात्य राज्यकर्त्यांच्या बाजूचे. राज्याच्या आत कोण कुणाच्या टाचेखाली आहे, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. तो विचारला गेला पुण्याच्या गंज पेठेतून. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त केलं म्हणून. देशाबाहेर कधी पाऊल न टाकलेला हा माणूस जगाचा नकाशा देशांच्या सीमांनी आखतच नाही. अमेरिकेतला काळा गुलाम आणि आपल्याकडचा शूद्रातिशूद्र यांना तो एका रेषेवर ठेवतो.

त्याच रेषेवर पुढे डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस भेटतात. महायुद्धाची मुळं युरोपातल्या राजधान्यांपेक्षा आफ्रिकेच्या लुटीत शोधा, असं या कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंताने १९१५मध्येच लिहिलं होतं, म्हणजे ते अध्यासन सुरू होण्याच्या चार वर्षं आधी. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पत्र पाठवलं. अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांनी वाचलं होतं. अस्पृश्यांच्या वतीनेही तसंच करण्याचा विचार आहे, तर त्या अर्जाच्या प्रती मिळतील का, अशी विचारणा त्यात होती. पत्र लिहिणारा एखाद्या देशाचा राजदूत नव्हता, आणि ज्याला लिहिलं तोही नव्हता. डू बॉइस यांचं उत्तर त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस निघालं, सोबत तो अर्ज जोडून.

नमस्कार.