कातड्याचा माग कुठे तुटतो?

[दृश्य: मीठ लावून रचलेली कातडी]

सोललेलं कातडं काही तासांतच कुजायला लागतं. उष्ण हवेत तर सकाळचं कातडं संध्याकाळपर्यंत हाताबाहेर जातं. म्हणून त्याला मीठ लावतात, तेही वजनाच्या 40 ते 50 टक्के.

टॅनरीतल्या, म्हणजे कातडं कमावण्याच्या कारखान्यातल्या, पहिल्याच भिजवणीत हे मीठ पाण्यात उतरतं. सांडपाण्यातली चरबी, केस, गाळ वेगळा काढता येतो, जिवाणूंच्या टाकीत सेंद्रिय घाणही कमी होते. विरघळलेलं मीठ मात्र या सगळ्यातून तसंच पुढे जातं. ते अडवायला रिव्हर्स ऑस्मोसिस हवं, म्हणजे दाबाने पाणी पडद्यातून गाळणं. त्यातून निघणारं खारट पाणी आटवायला इंधन हवं. आणि आटल्यावर उरतं ते मळकट मीठ, ज्याला गिऱ्हाईक नाही.

मीठ टाळण्याचा मार्ग ठाऊक आहे. कातडं लगेच 4 अंशांपर्यंत थंड केलं, तर मिठाशिवाय काही दिवस टिकतं. पण व्यापाऱ्याला गाडी भरेपर्यंत माल साठवायचा असतो, भाव चढेपर्यंत थांबायचंही असतं. शिवाय शीतगृहाचा खर्च कत्तलखान्याचा आणि सांडपाण्यातली बचत टॅनरीची. ही बचत वाटून घेणारा करार क्वचितच होतो, आणि मीठ चालूच राहतं.

[दृश्य: जनावराच्या कानातला बिल्ला]

जनावराची ओळख या बिल्ल्यावर असते, पण कान टॅनरीपर्यंत येत नाही. व्यापाऱ्याकडे कातडी वजनानुसार आणि प्रतीनुसार निवडली जातात, अनेक ठिकाणचा माल एकाच ढिगात मिसळतो. शाईचा शिक्का मारावा, तर पुढे चुना आणि सोडियम सल्फाइडचा ड्रम आहे. तिथे केससुद्धा विरघळतात. कडेला पाडलेली भोकं टिकतात, पण कडा छाटल्या की तीही गेली. लेसरने कोरलेली खूण कमावल्यानंतरही वाचता येते. तिचं यंत्र मात्र कत्तलखान्यात बसवावं लागतं, आणि त्याला तर मांसाच्या मानाने कातड्याचे फारच थोडे पैसे मिळतात.

त्याआधीचा माग तर आणखी पुसट. वासरू एका शेतावर जन्मतं, दुसरीकडे वाढतं, तिसरीकडे पुष्ट होतं. कत्तलखान्याच्या वहीत बहुधा शेवटचंच शेत असतं. जंगल पहिल्या शेतासाठी तोडलं असेल, तर ते कागदावर दिसतच नाही.

[दृश्य: टॅनरीतली गटारं]

जगातलं बहुतेक चामडं क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांवर, कमावलेलं असतं. नेहमीच्या पद्धतीत जवळपास एक तृतीयांश क्रोम पाण्यात राहतं. ते परत मिळवता येतं: मॅग्नेशियम ऑक्साइड घालून सामू (pH) 8 ते 8.5 वर आणायचा, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी काढून गाळ गंधकाम्लात विरघळवायचा. पण त्यासाठी क्रोमचं गटार वेगळं हवं. जुन्या कारखान्यांत सगळी गटारं एकत्र, म्हणजे फरशी फोडणं आलं. आणि आम्लयुक्त क्रोमपाणी सल्फाइडच्या पाण्यात मिसळलं, तर हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. या वायूने टॅनऱ्यांत कामगारांचे जीव घेतले आहेत. खर्च कितीही असो, ही गटारं वेगळी झालीच पाहिजेत.

क्रोम सोडून झाडांच्या सालींकडे वळलं, तर कातड्याच्या वजनाच्या 6 ते 8 टक्के क्रोमऐवजी टॅनिन, म्हणजे सालीतलं कमावणारं द्रव्य, 20 ते 30 टक्के लागतं. शिवाय क्रोमचं चामडं 100 अंशांच्या आसपास टिकतं, सालीचं साधारण 70 ते 85 अंशांतच आकसतं. बूट गरम साच्यावर ओढणाऱ्या कारखान्याला मग यंत्राचं तापमान आणि वेळ दोन्ही बदलावे लागतात. खरेदीदाराने मुदत आणि दर जुनेच ठेवले, तर टॅनरी पुढच्या ऑर्डरला पुन्हा क्रोमचंच पोतं उघडते.