काळ्या साडीच्या निऱ्या

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा हा फोटो आधी नीट बघा. काळी चंद्रकळा, लाल काठ, गळ्यात हलव्याचे दागिने. एडिट करताना माझ्या स्क्रीनवर निऱ्या एकेक मोजता येत होत्या. अल्बम छापून आला आणि कमरेखाली नुसता काळा ठोकळा! छापणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. माझा मॉनिटर दुकानातून आणला तसाच होता, ब्राइटनेस शंभरावर. तेव्हापासून मी कुणालाही सांगतो, रंगांचं नंतर बघू, आधी मॉनिटरचा काळा जुळवा.

कॉम्प्युटरच्या लेखी काळा म्हणजे 0 आणि पांढरा म्हणजे 255. मधला 128 घ्या. त्यातून पांढऱ्याच्या निम्मा उजेड निघेल असं वाटतं, पण निघतो जेमतेम 22 टक्के. आकडा वाढतो तसा उजेड ज्या चढाने वाढतो, त्याला गॅमा म्हणतात, आणि तो साधारण 2.2 धरतात. आपला डोळा अंधारातले बारीक फरक चटकन टिपतो, त्यामुळे हा चढ सोयीचा पडतो: बरेचसे आकडे गडद छटांच्या वाट्याला येतात. मॅकवर 2009 पर्यंत गॅमा 1.8 असायचा. तिथे छान दिसणारा फोटो विंडोजवर काळपट दिसायचा, तो यामुळेच.

आता हाताने करायचं काम. मॉनिटर अर्धा तास चालू राहू द्या. खिडकीचा पडदा ओढा, कारण काचेवर पडलेलं ऊन सगळ्यात आधी गडद छटा पुसून टाकतं. छपाईसाठी काम करत असाल तर ब्राइटनेस उतरवा. पांढरा 80 ते 120 कँडेला प्रति चौरस मीटर (हे स्क्रीनचा उजेड मोजायचं माप) पुरतो. मग काळ्यावर 4, 8, 12, 16, 20 अशा छटांचे चौकोन काढा. 8-12 च्या आसपासचा चौकोन जेमतेम सुटा दिसावा. 20 चाही दिसत नसेल तर निऱ्या गेल्याच म्हणा. एचडीएमआय केबलवर 16 च्या खालचं सगळं एकदम गायब झालं, तर सेटिंगमधली आरजीबी रेंज, म्हणजे मॉनिटरकडे जाणाऱ्या आकड्यांची हद्द, ‘लिमिटेड’वर अडकली आहे का ते बघा. हे बघायचं राहून जातं आणि माणसं उगाच ब्राइटनेस वाढवत बसतात.

आयपीएस पॅनेलकडून (एलसीडी स्क्रीनचा एक प्रकार) मात्र फार अपेक्षा नको. त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्याच्या उजेडाचं प्रमाण, साधारण हजारास एक. म्हणजे पांढरा 100 कँडेला असला, तर काळ्यातूनही 0.1 झिरपतोच.

काळा बसला की रंग. मॉनिटरच्या मेन्यूत पांढऱ्याचं कलर टेम्परेचर 6500 केल्विनवर ठेवा आणि करड्या छटांची पट्टी बघा: कुठे गुलाबी, कुठे हिरवट झाक येते का? इथे डोळ्यांवर विसंबू नका, डोळा दोन मिनिटांत त्या झाकेला सरावतो. कलरीमीटर, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र, वापरा; एकट्याने विकत घ्यायचं नसेल तर चौघांत मिळून घ्या.

आता दिवे घालवतो. पडद्यावर पाच चौकोन आहेत. डावीकडचे दोन कुणाकुणाला दिसतायत, हात वर करा.