पेन्सिलीने लिहिलेला ड्युटी चार्ट

रात्रपाळी संपून पाऊण तास उलटला आहे, तरी मेडिसिन वॉर्डातील ही परिचारिका टेबलाजवळ उभीच आहे, कारण सकाळच्या पाळीला आलेल्या वरिष्ठ सिस्टरांनी तिच्याकडून अजून ‘ओव्हर’, म्हणजे वॉर्डाचा ताबा, घेतलेली नाही. आधी थर्मामीटर मोजले गेले, मग ट्रेमधील कात्र्या आणि चिमटे, मग चादरी. एक चादर कमी भरली तेव्हा ‘शोधून आण आणि मग जा’ एवढेच सांगून सिस्टर चहाला निघून गेल्या. चादर धुण्याच्या गाठोड्यात गेली असणार, हे दोघींनाही ठाऊक आहे. रात्रभर चाळीस रुग्ण सांभाळलेली ही मुलगी तरीही एकेक पलंग तपासत फिरते. तिचे किंवा तिच्या रुग्णालयाचे नाव या निवेदनात येणार नाही.

रुग्णांच्या आणि नातेवाइकांच्या देखत नव्या परिचारिकेचा पाणउतारा होतो, तिच्या भाषेची आणि गावाची टिंगलही होते. पण या क्षेत्रात सर्वांत मुकाट्याने चालणारा त्रास होतो तो ड्युटी चार्टमधून. रेघा मारलेल्या रजिस्टरमध्ये मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट आणि ऑफ यांची अक्षरे पुष्कळदा पेन्सिलीने भरलेली असतात, म्हणजे ती खोडताही येतात. ज्या मुलीने उलट उत्तर दिले तिच्या वाट्याला लागोपाठ नाइट येतात, तिची ऑफ आयत्या वेळी रद्द होते आणि दिवाळीच्या रजेचा तिचा अर्ज कुठेतरी ‘राहून जातो’. कोणीही आवाज चढवलेला नसतो, त्यामुळे तक्रारीत नेमके काय लिहायचे, हेच तिला कळत नाही. कंत्राटी परिचारिकेची अडचण याहून मोठी असते, कारण तिचे पुढच्या मुदतीचे पत्रच अडून राहू शकते.

‘परिचारिका आपलीच पिल्ले खातात’ असे इंग्रजीभाषक देशांतील परिचर्या क्षेत्रात म्हटले जाते. हे बोल झणझणीत असले तरी फसवे आहेत, कारण ते सगळा दोष बायकांच्या स्वभावावर ढकलून मोकळे होतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. एका परिचारिकेवर चाळीस पलंग सोपवले जातात तेव्हा कोणाच्या तरी रजेवर आणि झोपेवर गदा येणारच. ती कोणाच्या, एवढेच ठरवणे इन्चार्ज सिस्टरांच्या हाती उरते. जागा भरणे त्यांच्या हातात नाही, डॉक्टरांची बोलणी त्यांनाही खावी लागतात, आणि ‘आम्हीही असेच उभे राहून शिकलो’ हे त्यांचे वाक्य खोटे नसते. म्हणून त्यांचे वागणे क्षम्य ठरते, असे मात्र आम्हाला वाटत नाही.

मग ही मुलगी नोकरी का सोडत नाही? खासगी रुग्णालयांत नेमणुकीच्या वेळी बाँडवर सही घेऊन मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याची रीत वर्षानुवर्षे चालत आली, आणि शिक्षणाचे कर्ज डोक्यावर असलेल्या मुलीच्या दृष्टीने ती बेडीच होती. याच प्रश्नावर २०११ मध्ये मुंबई आणि दिल्लीतील खासगी रुग्णालयांतील परिचारिकांनी काम बंद ठेवले होते. पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१६ मध्ये न्यायालयाच्या निर्देशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांत सरकारी परिचारिकांइतके वेतन द्यावे आणि पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी ते २०,००० रुपयांखाली जाऊ नये, अशी शिफारस केली. शिफारस आणि हातात पडणारा पगार यांतील अंतर छोट्या शहरांतील नर्सिंग होममध्ये कोणालाही विचारून पाहावे.

तक्रारीची वाटही अरुंद आहे. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती बंधनकारक केली, पण ती लैंगिक छळासाठी आहे. खोडलेली ऑफ, अडवलेली ओव्हर आणि चारचौघांत केलेला अपमान तिच्या कक्षेत येत नाहीत. अशी तक्रार इन्चार्जमार्फत मेट्रनकडेच जाते, म्हणजे जिच्याविरुद्ध तक्रार आहे तिच्याच टेबलावरून तो कागद पुढे सरकतो.

म्हणून परिचारिकांशी बोलताना मागण्या ऐकू येतात त्या अगदी साध्या. चार्ट शाईने लिहावा आणि महिना सुरू होण्याआधी भिंतीवर लावावा. बदल करायचा असेल तर तो दोघींच्या सहीने करावा. ओव्हरसाठी पाळीतीलच ठरावीक वेळ धरावी आणि वस्तूंची मोजणी दोघींनी मिळून करावी.

चादर दुपारी धुण्याच्या गाठोड्यातच सापडली. तोवर ती मुलगी घरी पोहोचून जेमतेम दोन तास झोपली होती, आणि त्याच रात्री तिला पुन्हा नाइट होती.