संगणकातल्या रुग्णावर क्ष-किरण

श्रोतेहो, नमस्कार.

समजा, एकाच माणसाच्या छातीचा सीटी स्कॅन आधी पूर्ण डोसवर काढला, मग अर्ध्यावर, मग पाव डोसवर, आणि फुप्फुसातली बारीक गाठ कुठवर दिसते ते बघितलं. माहिती फार मोलाची मिळेल. पण क्ष-किरणांचा थोडा का होईना धोका असतोच, त्यामुळे नुसत्या कुतूहलापोटी कुणाला पुन्हा पुन्हा यंत्राखाली झोपवता येत नाही.

संगणकातल्या माणसाला मात्र झोपवता येतं. या क्षेत्रात त्याला फॅन्टम म्हणतात. १९७४ साली शेप आणि लोगन या दोघांनी डोक्याचा एक छेद केवळ दहा लंबवर्तुळांतून उभा केला होता. आज अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या एक्सकॅट या फॅन्टमचं हृदय धडधडतं, श्वासाबरोबर त्याची छाती वरखाली होते.

अशा शरीरातून किरण सोडायचे ते मोंटे कार्लो पद्धतीने. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस अॅलामॉसला अण्वस्त्रांच्या कामात न्यूट्रॉनचा प्रवास मोजायला ती निघाली. इथे प्रत्येक फोटॉनसाठी, म्हणजे क्ष-किरणाच्या प्रत्येक कणासाठी, जणू फासे टाकायचे: तो हाडात शोषला जाईल, वाट बदलेल, की आरपार जाईल? असे कोट्यवधी फोटॉन मोजले की चित्र उमटतं, खऱ्या यंत्रात असतो तसा दाणेदारपणाही त्यात येतो.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी चाचणी सांगते. तिचं नाव विक्टर. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या, म्हणजे एफडीएच्या, शास्त्रज्ञांनी ती २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात २,९८६ आभासी स्त्रिया होत्या. कुणाचे स्तन चरबीचे, कुणाचे दाट. मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीत, दाबतात तसे ते संगणकातच दाबले, काहींत गाठी आणि कॅल्शियमचे कण पेरले, आणि साधी डिजिटल मॅमोग्राफी व थरांथरांनी पाहणारी टोमोसिंथेसिस अशी दोन्ही चित्रं काढली. ती वाचलीही संगणकानेच. टोमोसिंथेसिस सरस ठरली. खऱ्या स्त्रिया आणि खऱ्या रेडिओलॉजिस्टांबरोबर झालेल्या चाचणीचा निष्कर्षही हाच होता.

यात मला भावते ती एक गोष्ट. रुग्णालयात गाठ खरी की भास, हे कळायला सुईने तुकडा काढावा लागतो, कधी कधी वर्षभर वाट पाहावी लागते. इथे गाठ आपणच ठेवलेली असते, ती कुठे आहे हे मिलिमीटरपर्यंत ठाऊक असतं. यंत्र चुकलं तर चूक लपत नाही.

पण आपण जे घातलं नाही, ते संगणकाला दिसणार नाही. एक्सकॅटचा पाया एका पुरुषाच्या आणि एका स्त्रीच्या छेदचित्रांवर रचला गेला. पुढे त्यात कितीतरी वेगवेगळे देह आले, आणि ते यायलाच हवे होते. कारण ज्या बांध्याचा, ज्या वयाचा माणूस फॅन्टममध्ये नाही, त्याच्यासाठी ठरवलेला डोस हा अंदाजच राहतो.

शिवाय गाठ दिसली म्हणजे जीव वाचला असं नाही. टोमोसिंथेसिसने पुढच्या टप्प्याचे कर्करोग खरोखर कमी होतात का, हे विचारायला २०१७ मध्ये टीमिस्ट ही चाचणी सुरू झाली. तिच्यात लाखाहून अधिक स्त्रियांनी नाव नोंदवलं. त्या हाडामांसाच्या आहेत, आणि वर्षानुवर्षं तपासणीला येत राहतात.