डब्यात बीअर नसते

[फोनवरचं शूटिंग. मेलबर्न, एका घराचं गॅरेज. जाड प्लॅस्टिकचा चौकोनी कॅन, झाकण उघडतंय.]

घरी बीअर बनवायची तयार किट मिळते, हा तिचा कॅन, पण या कॅनमधे बीअर नाहीये. आधीच सांगून टाकतो, कारण ज्याला ज्याला हा व्हिडिओ दाखवला त्यानं पहिलं हेच विचारलं की, ओतायची का आता ग्लासात. आत आहे वर्ट. बार्लीला मोड आणून, वाळवून (हेच माल्ट), भरडून, गरम पाण्यात ठेवून काढलेलं गोड पाणी, आणि मग हॉप्स, म्हणजे एका वेलीची कडू फुलं, टाकून उकळलेलं. दारूचा एक थेंब नाही त्यात. जिभेवर ठेवलं तर आधी गोड लागतं, मग मागून कडवट, आवडीनं कोणी पिणार नाही.

गॅरेजमधलं पोरगं आपल्या यवतमाळच्या घाटंजी तालुक्यातलं, नोकरीसाठी तिकडं गेलेलं. इकडं त्याचे मामा, कृषी सहायक म्हणून रिटायर झाले, आता घरची पऱ्हाटी-तूर बघतात, छपरीत खाटेवर बसून फोन चष्म्याला टेकवून हा व्हिडिओ बघतायत. स्वतः घेत नाहीत. पण मोड, तापमान, बुरशी असं काही निघालं की मामांचा प्रश्न ठरलेला, "काहून?"

[गावाचा रस्ता, गाडीतून]

आता हे सगळं मेलबर्नातच का शूट केलं, तर आपल्याकडं महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ आहे. लायसन नसताना दारू बनवणं गुन्हा, घरच्यापुरती असो नाहीतर विकायला असो, आणि बनवायच्या उद्देशानं भांडीकुंडी, साहित्य जवळ ठेवलं तरी गुन्हाच. म्हणजे मोहाचा सडवा असो की चकचकीत लेबलची इंपोर्टेड किट, कायद्याला फरक पडत नाही. वर्धा १९७० च्या दशकापासून कोरडा जिल्हा, गडचिरोली १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ बंदी होती, आणि यवतमाळात बंदीसाठी बायांनी मोर्चे काढलेत ते आपण बघितलेच आहेत. ब्रिटनमधे १९६३ ला घरी बीअर बनवायला मोकळीक मिळाली, ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकात, अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं. तर बघा, समजून घ्या, पण ऑर्डर करायच्या भानगडीत पडू नका.

[दोन वस्तू शेजारी शेजारी: पत्र्याचा डबा आणि तो कॅन]

किट म्हटलं की दोन गोष्टी येतात. जुना प्रकार म्हणजे हा पत्र्याचा डबा, साधारण १.७ किलोचा. यात वर्टमधलं बहुतेक पाणी उडवून टाकलेलं असतं, काकवीसारखं घट्ट, चमच्यावरून लवकर सुटत नाही. घरी गरम पाण्यात विरघळवायचं, वरून किलोभर साखर, आणि गार पाणी टाकून २३ लिटरपर्यंत न्यायचं. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हा असे हॉप्स घातलेले माल्टचे डबे दुकानात उघड मिळायचे, म्हणायला ब्रेड-बिस्किटासाठी. आता कडू ब्रेड कोण खात होतं ते विचारू नका.

त्या किलोभर साखरेबद्दल माझं मत वाईट आहे. साखर पूर्ण आंबते, मागं काही उरत नाही, मग बीअर पाणचट आणि रुक्ष लागते आणि लोक म्हणतात डब्याची बीअर अशीच असते. साखरेऐवजी माल्टची पावडर टाकली तर तोच डबा बराच बरा निघतो. आणि डब्यावरची तारीख बघायची, जुना एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे आतला तो घट्ट पाक, काळपट पडतो आणि त्याला एक शिळी चव येते ती मग जात नाही.

दुसरा प्रकार म्हणजे हा कॅन, फ्रेश वर्ट. हा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडं जास्त चालतो. इथं पाणी उडवलेलंच नसतं. ब्रुअरीत वर्ट उकळलं की तसंच कढत कढत कॅनमधे भरून झाकण लावतात, त्या उष्णतेनंच कॅन आतून निर्जंतुक होतो. घरी आणायचं, फर्मेंटरमधे, म्हणजे आंबवायच्या पिंपात, ओतायचं, काही कॅनमधे थोडं पाणी वाढवायचं, यीस्ट टाकायचं. झालं.

मामांनी व्हिडिओ इथं थांबवला. मेलबर्नला फोन लावला.

"मंग यात तू काय केलं बे? सारं तं कंपनीनंच केलं."

पोरगं हसलं, म्हणालं, "मामा, पुढचं पाहा न तुम्ही."

प्रश्न रास्त आहे. कंपनीनं खरंच बरंच केलेलं असतं. भरडलेलं माल्ट ६५ ते ६८ अंशाच्या पाण्यात तासभर ठेवायचं, तेवढ्या वेळात धान्यातलीच एन्झाइम्स पिठाची साखर करतात, दोन-चार अंश इकडंतिकडं झाले की बीअरची जात बदलते. मग गाळणं, मग तासभर उकळणं, कारण हॉप्सचा कडूपणा नुसता भिजवून उतरत नाही. हे सगळं घरी करायचं तर अख्खा दिवस जातो आणि मोठी भांडी लागतात. किट तो दिवस वाचवते. पण आंबवायचं काम यीस्टचं, आणि ते यीस्ट सांभाळायचं काम किट घेणाऱ्याचं, ते कुठल्याच डब्यात भरून येत नाही.

[क्लोजअप: फर्मेंटरची तोटी, हातात खोललेली]

हे बघा. वीस-पंचवीस लिटरचा फर्मेंटर, खाली प्लॅस्टिकची तोटी. बाहेरून चकाचक. खोलली तर आतल्या आट्यांमधे मागच्या वेळचा पिवळट चिकट थर, नखानं खरवडला तर निघतो. एवढ्याशा थरात जे जिवाणू बसलेले असतात ते वीस लिटर आंबट करायला पुरेसे आहेत. म्हणून प्रत्येक वेळी तोटी पूर्ण खोलून धुवायची, मग सॅनिटायझर, आणि आधी धुणं मग सॅनिटायझर हा क्रम चुकवायचा नाही, घाणीवर सॅनिटायझर ओतून काही होत नाही. वर्ट थंड झाल्यावर त्याला जे जे लागेल ते सगळं असंच. मामांनी इथं मान हलवली, "हे बराबर हाय."

यीस्ट टाकायच्या आधी वर्ट उंचावरून ओततात, फेस येईपर्यंत, कारण सुरुवातीला यीस्टला ऑक्सिजन पाहिजे असतो. एकदा आंबायला लागलं की मात्र हवा लागू द्यायची नाही. आणि पत्र्याच्या डब्याच्या झाकणाखाली जे यीस्टचं पाकीट येतं ते जहाजात, गोदामात किती तापून आलंय कोणाला माहीत, अनुभवी लोक ते सोडून देतात आणि फ्रिजमधे ठेवलेलं ताजं विकत घेतात.

[फ्रिज उघडतो, आत फर्मेंटर. बाहेर तापमानाचा आकडा: १९]

आता तापमान, आणि आपल्यासाठी खरी गोष्ट इथंच आहे. एल नावाच्या बीअरच्या प्रकाराला जे यीस्ट लागतं त्याला साधारण १८ ते २२ अंश मानवतात. त्यात यीस्ट काम करताना स्वतःच उष्णता सोडतं, म्हणजे खोली २२ असली तर आतलं वर्ट त्याच्या वर दोन-चार अंश असू शकतं. २५ च्या वर गेलं की नको ते वास यायला लागतात, आधी पिकलेल्या केळासारखे, मग नेलपॉलिशच्या जवळ जाणारे, आणि जड अल्कोहोल जास्त तयार होतात त्यामुळे चव जळजळीत लागते. मेलबर्नलाही उन्हाळ्यात चाळीस अंशाचे दिवस असतात म्हणून या पोरानं जुना फ्रिज घेऊन त्याला तापमानाचा कंट्रोलर जोडलाय. किट स्वस्त आणि फ्रिज महाग असा हिशोब आहे, पण फ्रिजमुळेच त्याची बीअर पिण्यासारखी होते असं तो सांगतो आणि मला ते पटतं.

मामा म्हणाले, "अन् आपल्याकडं मे महिन्यात? पंचेचाळीस?"

तिकडं उन्हाळ्यात ज्यांच्याकडं फ्रिज नाही ते फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवतात, वरून ओला टॉवेल, समोर पंखा. म्हणजे आपला कूलरच, बाष्पीभवनाचा धंदा. कोरड्या हवेत तो छान चालतो, पण विदर्भाच्या मे महिन्यात कूलरनं खोली तिशीच्या आसपास आली तरी नशीब, आणि पाऊस लागला की कूलर नुसता दमटपणा करतो हे काही आपल्याला सांगायला नको. नॉर्वेच्या खेड्यांमधलं क्वाइक नावाचं यीस्ट आहे, ते ३५ अंशालाही नको ते वास न सोडता काम करतं. थंड देशातलं यीस्ट एवढी गरमी कसं सोसतं, तर तिथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ते कोमट वर्टमधेच टाकत आले आणि वाळवून पुढच्या वेळेसाठी जपत आले. मामांना सगळ्यात जास्त हेच आवडलं, बियाणं जपल्यासारखं आहे म्हणे.

पुढचं भराभर. वरच्या नळीतून बुडबुडे थांबले म्हणजे काम संपलं असं नाही, हायड्रोमीटर लावायचा. डेअरीवर दुधात सोडतात त्या लॅक्टोमीटरचाच भाऊ. पाण्याची घनता १ धरली तर वर्टची सुरुवातीला १.०४६ होती, शेवटी १.०१०, म्हणजे पावणेपाच टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. दोन दिवस आकडा हलला नाही की मग बाटल्या. लिटरमागं ६ ते ८ ग्रॅम साखर, तेवढ्यावर बाटलीत गॅस भरतो. आकडा खाली यायच्या आधीच घाई करून भरलं तर काचेची बाटली फुटते, आणि ती फुटते म्हणजे तुकडे भिंतीत घुसतात, हा विनोदाचा विषय नाही.

[छपरी. मामा कॅमेऱ्याकडं न बघता बोलतायत]

सगळं बघून झाल्यावर मामा बार्लीवर अडले. बार्ली आपल्याकडं कोण लावतं, हे ज्वारीचं होत नाही काय?

होतं. आफ्रिकेत ज्वारीची बीअर फार जुनी आहे, आणि नायजेरियानं १९८८ मधे बार्ली माल्टची आयात बंद केली तेव्हा तिथल्या मोठ्या कंपन्यासुद्धा ज्वारीवर आल्या. अडचण एवढीच की ज्वारीचं पीठ शिजायला बार्लीपेक्षा जास्त तापमान लागतं आणि तेवढ्या तापमानात तिची स्वतःची एन्झाइम्स टिकत नाहीत, म्हणून बरेचदा बाहेरून टाकावी लागतात. म्हणजे घरी करायला ती बार्लीहून किचकट, आणि तयार वर्टची गरज खरं तर तिथंच जास्त. आपल्याकडं धान्यापासून मद्यार्क काढायचं सरकारी धोरण आलं तेव्हा किती गदारोळ झाला होता ते मामांना चांगलं आठवतं, त्यामुळे त्या वाटेला ते गेले नाहीत. त्यांनी थेट मोड पकडले.

"खरिपाची घेतली तं पावसात कणीस काळं पडते, बुरशी लागते, त्याले मोड कुठचे येईन. माल्टच करायचं तं रब्बीचीच घ्या लागन. अन् आता ज्वारी पेरते कोण, सारं सोयाबीन झालं. पेरली तं डुकरं ठेवत नाहीत."