हार्टफेल लिहिलं म्हणून दावा बुडत नाही

नमस्कार श्रोतेहो. कामावर माणूस दगावला की घरचे हात जोडतात, “गेला तो गेला, आता चिरफाड कशाला?” कामगार न्यायालयात वकिली करताना हे मी कितीदा ऐकलं! त्या घडीला ते पटतंही. भरपाईचा दावा उभा राहिला की मात्र तेच अंगाशी येतं.

परांचीवरून पडलेल्याचं कारण उघड असतं. घोटाळा होतो तो छातीत कळ येऊन पाळीतच कोसळलेल्याचा. मालक म्हणतो, नैसर्गिक मृत्यू. विमा कंपनी म्हणते, जुना आजार. पोस्टमॉर्टेमच नसेल तर खोडून काढायचं कशाच्या जोरावर?

अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झालेला हवा, हे 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातलं सूत्र नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. मुंबई बंदरातल्या एका पहारेकऱ्याचं हृदय आधीच दुबळं होतं. कामावर छातीत दुखू लागलं आणि तो गेला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागलांनी तेव्हा सांगितलं, की आजार असला तरी कामाने मरण लवकर ओढवलं असेल, तर भरपाई द्यावी लागेल. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने लांब पल्ल्याच्या ट्रकचालकाच्या वारसांनाही ती दिली. त्याच न्यायालयात 2006 साली एका क्लीनरचा दावा मात्र फेटाळला गेला, कारण कामाच्या ताणाचा धागाच जुळला नाही.

तो धागा शवविच्छेदनाच्या टेबलावर सापडत नाही. रक्तवाहिनी तुंबलेली डॉक्टरांना दिसते. सलग दोन पाळ्या दिसत नाहीत. म्हणून पंचनाम्याच्या वेळीच पोलिसांना सांगा, तो किती तास कामावर होता, भट्टीपुढे होता की पोती वाहत होता. जबाबात ते लिहून घ्यायला लावा.

अहवालात “व्हिसेरा राखून ठेवला”, म्हणजे तपासणीसाठी शरीरातल्या अवयवांचे नमुने काढून ठेवले, असं असेल, तर ते अंतिम मत नव्हे. रासायनिक तपासणीनंतरचं मत मागून घ्या. पहिल्याच कागदावर दावा लावणारे बरेच.

आणि दारूची धास्ती. व्हिसेऱ्यात दारू निघाली तर सगळं गेलं, या भीतीने लोक पोस्टमॉर्टेम टाळतात. नशेची सबब मालकाला नुसत्या दुखापतीत चालते, मृत्यूच्या दाव्यात चालत नाही. कामाशी संबंध मात्र तिथेही दाखवावाच लागतो, आणि त्यासाठी त्या दिवसाचा हजेरीपट लागेल. तो मालकाच्या कपाटात असतो. न्यायालयाकडून मागवून घ्यायचा अर्ज पहिल्याच तारखेला द्या.